मोफत मिक्सिंग करून मिळेल

"शनिवारी माझं काम ऐका बाबा, पुन्हा बँकेचं नाव काढणार नाही तुम्ही!" केयूरने छाती पुढे काढून जाहीर केलं.

बाबा म्हणजे दिनकरराव. सरकारी बँकेतले अधिकारी, तीन वर्षांपूर्वी बदलीवर कोलकात्याला आलेले. त्यांनी पेपरमधून मान वर न करता सांगितलं, "शनिवारपर्यंत नोकरी मिळव. नाही मिळाली तर रविवारी सकाळी सातला सियालदह. बँकेच्या परीक्षेचा क्लास. नाव घालून ठेवलंय मी."

आता झालं होतं असं, की केयूरने साउंड इंजिनिअरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. एस्प्लनेडजवळच्या एका स्टुडिओचे मालक दिलीपदा यांना तो चार वेळा भेटूनही आला होता. दिलीपदा दर वेळी त्यांच्या बंगाली हिंदीत तेच सांगायचे, "कोर्सवाला गाना नहीं चाहिए. असली लोगों का काम करो, फ्री में करो. लोग खूश होगा, तब हमको सुनाओ."

एवढंच ना! केयूरने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'गाण्यांचं मिक्सिंग मोफत करून मिळेल.' अहो, फुकट द्यायचंय असं कुणी चारचौघांत बोलतं का? तासाभरात मंडळाच्या महिला विभागातल्या पाच जणी दारात हजर, आणि सहावी घरातच! शनिवारी मंडळाचा वर्धापनदिन होता आणि स्वागतगीत लावायचं होतं. केयूरने मोठ्या तोऱ्यात दिलीपदांनाही त्या कार्यक्रमाचं आमंत्रण देऊन टाकलं. "साबूदाना वडा भी है," असंही वर सांगितलं.

रेकॉर्डिंग त्याच्याच खोलीत झालं. भिंतीला गाद्या टेकवलेल्या, खिडकी बंद, आवाज नको म्हणून पंखाही बंद. कोलकात्याच्या त्या उकाड्यात एकेक जण आत जायची आणि न्हाऊन निघाल्यासारखी बाहेर यायची. पण गाणं एकीनेही सोडलं नाही. सूर सुटला असेल कुठे कुठे, पण गाणं नाही.

सोमवारी मिक्स तयार झालं. खोटं कशाला बोलू, छान झालं होतं! सहा आवाज, मागे पेटी-तबला, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. केयूरने ते ग्रुपवर टाकलं. सहाही जणींचं "अप्रतिम!" आलं, फुलं आली, हात जोडलेले आले. स्वारी खूश!

मग फोन सुरू झाले.

पहिला शकुनमावशींचा. त्या जन्मापासून इथल्याच भवानीपूरच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'जरासं' नसतंच, बंगाली 'एकटू' असतं. "गोड झालंय हो. फक्त माझा आवाज एकटू वर कर. गाणं मीच लिहिलंय ना! आणि हे बघ, अनुराधाला बोलू नकोस."

दुसरा अनुराधाकाकूंचा. "केयूर, मस्तच रे! पण मी आहे कुठे त्यात? शकुनमावशींना थोडं खाली घे. वय झालंय त्यांचं, श्वास ऐकू येतो. त्यांना सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

दुपारपर्यंत पाच फोन झाले. पाचही जणींना आपला आवाज वर हवा होता आणि पाचही जणींना ते बाकीच्यांना कळायला नको होतं. सहावी म्हणजे केयूरची आई, सरोजताई. तिने काही फोन केला नाही, ती घरातच होती. तिने फक्त त्याच्या वरणावर तूप वाढलं नाही.

"आई, तूप?"

"ज्यांचा आवाज ऐकू येतो, त्यांच्याकडे माग."

केयूर कामाला लागला. मंगळवारी शकुनमावशी वर गेल्या. बुधवारी अनुराधाकाकू त्यांच्याही वर गेल्या. मग आई, मग उरलेल्या तिघी. गुरुवारी त्याने गाणं लावलं तर पेटी गायब, तबला गायब, आणि सहा बायका नळावर एकाच वेळी पाणी भरतायत असा गलका! तो कपाळाला हात लावून बसला. परवा शनिवार. हे दिलीपदांना ऐकवायचं? त्यापेक्षा सियालदह बरं!

आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं. सहा जणींना गाणं एकच हवंय असं कोण म्हणालं? त्याने सहा वेगळी मिक्स केली. शकुनमावशींच्या गाण्यात मावशी पुढे, बाकी सगळ्या लांबून. अनुराधाकाकूंच्या गाण्यात काकू पुढे. अशी सहा! शुक्रवारी प्रत्येकीला तिचं तिचं गाणं खासगीत पाठवलं, आणि काय सांगू, शकुनमावशी फोनवर रडल्या! आईने दोन चमचे तूप वाढलं. पाच दिवसांत पहिल्यांदा केयूर पोटभर जेवला. शनिवारी हॉलमध्ये कुठलं गाणं लावायचं, हा प्रश्न त्याला हात धुताना पडला आणि त्याने तो तसाच बेसिनमध्ये सोडून दिला.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. दिलीपदा पहिल्या रांगेत, हातात वड्याची प्लेट. शेजारी दिनकरराव घड्याळ बघत बसलेले. कार्यक्रमाला दहा मिनिटं होती. आणि अनुराधाकाकूंना राहवेना!

"मावशी, ऐका तरी," म्हणत त्यांनी शकुनमावशींच्या कानाशी फोन धरला.

"हे कोण गातंय?"

"मीच की!"

"मग मी कुठे आहे?"

"असाल की. मागे कुठेतरी."

शकुनमावशींनी पर्समधून आपला फोन काढला. तिसरीने आपला काढला. बघता बघता सहाही फोन सुरू! अर्ध्या अर्ध्या मात्रेच्या अंतराने सहा स्वागतगीतं हॉलभर! लोक वळून बघायला लागले. मग सहाही फोन बंद झाले आणि सहाही जणी केयूरकडे वळल्या. त्या एवढ्या एका सुरात आठवडाभरात पहिल्यांदाच आल्या होत्या.

"चाळीस वर्षं मंडळात आहे मी, आजवर भांडण नव्हतं!" शकुनमावशी फोन नाचवत म्हणाल्या.

"तुम्हीच सांगितलंत ना, कुणाला बोलू नकोस म्हणून..."

"आम्ही काहीही सांगू! तुला अक्कल नको?" ही त्याची आई.

त्याचं मिक्सिंग तिथल्या तिथे रद्द झालं. सहाही जणी तरातरा स्टेजवर गेल्या आणि दोन माइकवर जमेल तसं गायल्या. ढकलाढकलीत पेटीवाल्याचा चष्मा पडला. आणि टाळ्या? अहो, थांबेनात! "वन्स मोर" झाला! केयूर साउंडच्या टेबलामागे खुर्चीत मिटून बसला. आठवडाभर जीव काढला, सहा वेळा केलं, आणि लोकांना आवडलं ते त्याने हातही न लावलेलं गाणं. त्याला खरोखर मरून जावंसं वाटलं.

तेवढ्यात दिलीपदा प्लेट घेऊनच टेबलापाशी आले. मागोमाग दिनकरराव.

"छे लोगों को छे गाना दिया तुम?"

"हाँ, दादा." मान खाली.

"और सब बोला, बहुत बढ़िया?"

"सबने, दादा. एक तो रोई भी."

दिलीपदांनी प्लेट टेबलावर ठेवली. "सोमवार से आ जाओ."

केयूर ताडकन उभा राहिला. बाबांकडे बघितलं. दिनकररावांनी चक्क घड्याळावरची नजर काढली होती!

"मिक्सिंग पे, दादा?"

"ना, ना! मिक्सिंग का आदमी है हमारे पास, अच्छा है. पार्टी का फोन उठानेवाला कोई टिकता नहीं." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघून तोंड वाकडं केलं आणि फोन सरळ केयूरच्या हातात दिला. "एक सिंगर का बाप है. दिन में चार बार करता है. लो, शुरू करो."

पलीकडून एक गृहस्थ बंगालीत तावातावाने बोलत होते. गाण्यात माझ्या मुलीचा आवाज मागे का, बाजूच्या मुलीचा पुढे का!

केयूरने डोळे मिटले. "काळजी करू नका, काकाबाबू," तो बंगालीत म्हणाला, "फक्त तुमच्यासाठी एक वेगळं करून देतो. त्यांना मात्र सांगू नका."

वाक्य इतकं सफाईदार निघालं, की त्याचं त्यालाच रडू आलं.