जावक क्रमांक एकेचाळीस

नोकरी गेलेल्या माणसाकडे दोन गोष्टी भरपूर येतात: वेळ आणि सल्ले. जावकरावांकडे सल्ले घेऊन त्यांचा मेहुणा आला.

जावकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बावीस वर्षं ते एका कचेरीच्या जावक विभागात होते. बाहेर जाणाऱ्या कागदाची घडी घालायची, पाकिटात सारायचा, क्रमांक टाकायचा, वहीत नोंदवून पाठवायचा. (वाचायचा मात्र नाही. जावकवाल्यानं पत्ता वाचावा. मजकूर वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, असं ते म्हणत.) मग कचेरीनं सगळा पत्रव्यवहार कॉम्प्युटरवर नेला आणि एका सोमवारी जावकरावांनाच जावक केलं.

"भावोजी, नोकरी शोधणं हीच आता नोकरी समजा," मेहुणा म्हणाला. "रोज ठरल्या वेळी बसा. ओळखीच्या प्रत्येकाला सांगा, लाजलात की संपलात. प्रत्येक जागेसाठी अर्ज वेगळा लिहा. आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्याचं शिफारसपत्र जोडा."

(मेहुण्यानं तीन वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या होत्या. अनुभव दांडगा.)

जावकराव कामाला लागले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसायचे, अर्ज लिहायचे, वहीत नोंदवायचे. ओळखीच्यांना सांगायचं तेवढं जमेना. उलट शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून अकराला डबा घेऊन ते "कामं आहेत" म्हणत बाहेर पडत आणि संध्याकाळी परतत. तीन महिन्यांत चाळीस अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही. घरात त्यांचं बोलणं "हं" आणि "बघू" एवढ्यावर आलं.

शिफारसपत्राची तर पंचाईतच होती. जुने साहेब निवृत्त होऊन कुठे गेले कुणास ठाऊक. शेवटी जावकराव बायकोकडे वळले.

"तूच लिही चार ओळी. इतकी वर्षं पाहतेयस."

"खरं लिहू?"

"खरंच लिही."

दोन दिवसांनी तिनं एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. "शांतपणे वाचा हं," म्हणाली आणि भाजी आणायला गेली. जावकरावांनी शांतपणे कागदाची घडी घातली, अर्जाला जोडली, पाकीट चिकटवलं, वर क्रमांक टाकला एकेचाळीस, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

"वाचलंत?" पिशवी हातातच धरून तिनं विचारलं.

"पाठवलं."

"न वाचता?"

"मी कधी कुणाचं पत्र वाचतो का?"

"अहो, ते तुमच्यासाठी होतं! तुम्ही तोंड उघडत नाही, माझं ऐकत नाही, म्हणून शिफारशीच्या निमित्तानं लिहिलं!"

"काय लिहिलंयस?"

"खरं," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली.

जावकराव धावत पेटीपाशी गेले. पोस्टमन थैली भरत होता. ते दोन पावलं पुढे झाले आणि तसेच मागे वळले. टाकलेलं पत्र परत मागणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतः बावीस वर्षं हाकलून दिलं होतं.

पाचव्या दिवशी बोलावणं आलं. रक्त तपासणारी मोठी प्रयोगशाळा होती, तिथे रिपोर्ट बंद पाकिटातून घरोघर पाठवत. मुख्य बाईंनी अर्ज बाजूला सारला आणि मागचा कागद उचलला. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"'यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण कचेरीचं एक पत्र यांनी कधी हरवलं नाही. तीन महिने हे डबा घेऊन बागेतल्या बाकावर बसतात. आमची गाठ पडू नये म्हणून मी बाजाराला लांबच्या वाटेनं जाते. डबा कुत्र्याला घालतात आणि पोट भरलं म्हणतात. नोकरी गेली त्याचं मला एवढं दुःख नाही. माणूसही गेला, त्याचं आहे. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, तुम्ही आधी घरी या.'"

जावकरावांना रडू येत होतं आणि नोकरीच्या मुलाखतीत रडावं, असं मेहुण्यानं कुठेच सांगितलं नव्हतं.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"समोर उघडा कागद, तोही तुमच्याबद्दलचा, आणि वाचला नाहीत?"

"जावकवाल्यानं मजकूर वाचायचा नसतो."

"आमचा आधीचा माणूस रिपोर्ट वाचायचा," बाई म्हणाल्या, "आणि पेशंटच्या आधी शेजाऱ्यांना सांगायचा." त्यांनी आत जाऊन एक पाकीट आणलं. "सोमवारपासून या."

त्या दुपारी जावकराव स्वयंपाकघरात बसून बोलले. बाक, कुत्रा, चाळीस अर्ज, लाज, सगळं बोलले, आणि बोलता बोलता चार पोळ्या खाल्ल्या. बायको मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

"बाकाचं तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात." तिनं हात पुढे केला. "आणा ते पाकीट. तुम्ही काही उघडायचे नाही."

तिनं वाचलं: "'आपली निवड झाली आहे. पहिले सहा महिने तात्पुरती नेमणूक. कायम करण्यापूर्वी पत्नीचं नवं शिफारसपत्र सादर करावं लागेल.'"

तिनं कागदाची घडी घातली आणि खुर्चीत आरामात मागे टेकली.

"पहिल्या पत्रात मी बरंच गाळलं होतं," ती म्हणाली. "उठा, चहा टाका."