क्वाबेना अंकलची लिफ्ट

क्वाबेना अंकलना लिफ्टमध्ये गाठणं सोपं होतं, त्यांच्या हातून सुटणं अवघड. सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते अकराव्या मजल्यावर राहायचे, आम्ही दहाव्या. लिफ्टमध्ये पाय टाकला की त्यांचं गाणं सुरू. आमचा मजला आला आणि कडवं संपलेलं नसलं, तर ते दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरायचे. "कडवं अर्धं टाकून कुणी उतरतं का? सावकाश, यॉ, सावकाश!"

यॉ म्हणजे मी. अंकल घानाचे. तिकडे जन्मवारावरून नाव पडतं, म्हणून ते कुणाला नाव विचारतच नसत, वार विचारत. माझी पत्रिका आईला तोंडपाठ आणि तिच्यामुळे मलाही. मी चटकन 'गुरुवार' म्हणालो आणि कायमचा यॉ झालो. माझी मुलगी शुक्रवारची, म्हणून अफुआ. "अंकल, माय नेम इज सई, लाह!" ती इथल्या मुलांसारखं 'लाह' जोडून ओरडायची. "येस, येस, अफुआ." नवव्या मजल्यावरच्या मिसेस तानना आपला वार ठाऊक नव्हता. त्यांना अंकल कायम 'मॅडम पेंडिंग' म्हणत.

अंकल एके काळचे नावाजलेले हायलाइफ गायक. हायलाइफ म्हणजे गिटार, ट्रम्पेट आणि पांढरा रुमाल हलवत नाचायचं त्यांच्याकडचं गाणं. त्यांचं चरित्र मला लिफ्टमध्येच कळलं. तळमजला ते चौथा : घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, शिंप्याकडे उमेदवारी. चौथा ते सातवा : एका लग्नात नवरदेवाचा सदरा पोचवायला गेले, तर बँडचा गायक घसा धरून बसलेला. सातवा ते दहावा : सदरा हातात तसाच, अंकल स्टेजवर, वऱ्हाड नाचतंय आणि नवरदेव... दार उघडलं. नवरदेव उघडाच राहिला का, हे कळायला मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. राहिला. पण नाचलाही म्हणे.

मग स्वतःचा बँड, रेकॉर्डी, बसमधून गावोगाव दौरे. बायको अकुआ त्याच बँडमध्ये गायची. ती गेल्यावर मुलीने त्यांना इथे आणलं. मुलगी शहराच्या पाया लेबार भागात नोकरीला, त्यामुळे दिवसभर अंकल आणि लिफ्ट.

इतका गाणारा माणूस, पण चारचौघांत गायला मात्र तयार नव्हता. ब्लॉकखाली व्हॉइड डेकवर, म्हणजे खांबांवरच्या उघड्या तळमजल्यावर, दरवर्षी पार्टी व्हायची. दरवर्षी मिसेस तान म्हणायच्या, "अंकल, वन साँग लाह!" आणि अंकल रुमाल घडी करून खिशात ठेवायचे. "माझं गाणं तिथे उभं राहणार नाही, मॅडम पेंडिंग."

मला वाटायचं, कारण मला ठाऊक आहे. त्यांच्या आवडत्या गाण्यात ते दोनदा अडायचे. रुमाल वर धरायचा, मजल्याच्या आकड्यांकडे बघत गप्प राहायचं, मग पुढची ओळ. वय झालं, शब्द आठवत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. सभ्य माणूस म्हणून तेवढा वेळ मी खोकायचो.

मग पुण्याहून आई आली. तीस वर्षं भजनी मंडळात काढलेली बाई. भजनात बुवांनी ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. लिफ्टमध्ये अंकल थांबले, रुमाल वर गेला, मी खोकायला तोंड उघडलं आणि आईने टाळी देत त्यांचीच ओळ जशीच्या तशी, खड्या आवाजात उचलली! भाषेचा गंध नाही, पण चालीत तसूभर फरक नाही.

अंकलच्या हातून बटण सुटलं. "अहो बुवा, थांबलात काय? म्हणा की पुढे!" आई म्हणाली.

अंकल आधी खो खो हसले. मग तोच रुमाल डोळ्यांना लावला. "यॉ, ती ओळ म्हणजे प्रश्न आहे. 'अजून किती लांब?' मी विचारायचो आणि अकुआ उत्तर द्यायची, 'ही काय, दारातच आहे.' तिची जागा मी मोकळी ठेवतो. आणि तुझी आई उलट मलाच विचारते आहे!"

इतकी वर्षं मी एका माणसाच्या बायकोच्या जागेवर खोकत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षी पार्टीत अंकल गायले. शेजारी आई, हातात टाळ. पहिल्या मोकळ्या जागेत आईने प्रश्न उचलला, लोक हसले, टाळ्या पडल्या. सई तर मिसेस तानना ओढून नाचायलाच लागली. दुसऱ्या जागेतही आईने विचारलं. यावेळी अंकल हसले नाहीत. व्हॉइड डेकच्या छताकडे बघून त्यांनी रुमाल हलवला आणि एक नवीनच ओळ गायली.

वर जाताना लिफ्टमध्ये मी विचारलं, "अंकल, शेवटी काय म्हणालात?"

दहावा मजला आला. त्यांनी बटण दाबून धरलं.

"अकुआला म्हटलं, येतोय. पण सावकाश."