गाणी पूर्ण करून मिळतील

आमच्या शेजारचे हिंगेमामा कुठलंही गाणं सुरुवातीपासून ऐकत नाहीत. कॅसेट टेपमध्ये घालतात, बटण दाबून पार पुढे पळवतात आणि बाजू संपायच्या आधीची दोन मिनिटं तेवढी ऐकतात. मग खट्ट आवाज होतो. मामा कपाळावर हात मारून म्हणतात, "तुटलं!" आणि वहीत टिपून ठेवतात. अशा दोनशेच्या वर कॅसेट त्यांनी जुन्या बाजारातून जमवल्या आहेत. त्यातली एकही त्यांना आवडते असं मला कधी दिसलेलं नाही.

तरुणपणी शिरूरच्या बाजारपेठेत मामांचं दुकान होतं. पाटी होती, 'गाणी भरून मिळतील'. आपण यादी द्यायची, मामा ती गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये उतरवून द्यायचे. आता एक बाजू अर्ध्या तासाची आणि गाणी काही मापानं गायलेली नसतात. शेवटचं गाणं हमखास मधेच कापलं जायचं. गिऱ्हाईक ते विसरायचं. मामा विसरले नाहीत. साठी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, आपण भरलेल्या कॅसेट हुडकायच्या, वर लिहिलेल्या नावाच्या माणसाला गाठायचं आणि त्याचं राहिलेलं गाणं त्याला ऐकवायचं.

"मामा, लोकांच्या फोनवर सगळी गाणी असतात आता," मी एकदा म्हटलं.

"फोनवरचं गाणं फोनचं. मी तोडलेलं माझं."

मी मेडिकलचं दुकान चालवते. कोणाशी वाद घालायचा नाही हे काउंटरवर लवकर कळतं.

मामांची भाषाही टेपचीच. मामी मुलाकडे पुण्याला असतात, तर "ही सध्या बी साइडला आहे." वीज गेली, चहापत्ती संपली, गल्लीत कोणी वारलं, तिन्हींना एकच शब्द, "रीळ संपलं." एकदा हे त्यांनी सांत्वनाला जाऊन म्हटलं. तेव्हापासून गल्लीतले लोक त्यांना फक्त लग्नाला नेतात.

पाटसच्या एका घरासाठी त्यांनी गणपतीच्या आरत्या भरल्या होत्या. शेवटची आरती एका शब्दाच्या मधोमध कापली गेली होती. ते घर आरत्या त्या कॅसेटवरूनच शिकलं. त्यामुळे गेली पंचवीस वर्षं दर गणपतीत घरची सोळा माणसं टाळ्या वाजवत त्या अर्ध्या शब्दापर्यंत जातात आणि एकदम गप्प होतात. घरातला थोरला जिभेनं खट्ट करतो आणि प्रसाद वाटला जातो. मामांनी तिथे जाऊन राहिलेली दोन कडवी ऐकवली. घरच्या आजींनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हे कायतरी नवं घुसडलंय. आमच्यात न्हाई असं."

परत येताना गाडीत मामांनी वही काढली. वहीत त्यांनी लिहिलं, 'पोचवलं. स्वीकारलं नाही.'

गाडी अर्थातच माझी. माझी आई दौंडला असते. महिन्यातून एकदा मी निघाले की मामा टेप मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेलेच असतात. दौंडला स्टेशनजवळ पोपट नावाच्या माणसाचं जुन्या सामानाचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, रेडिओ, आणि कोपऱ्यात पाच-सहा क्रेट कॅसेट. मामा खाली बसतात आणि भिंग लावून कॅसेटच्या कडा वाचत जातात.

मागच्या महिन्यात पोपटनं कॅसेटची एक सुंदर पेटी पुढे केली. "मामा, ही घ्या की. सीलबंद हाय. असली गानी कुठं मिळनार न्हाईत."

"गाणी नकोत. अक्षर दाखव."

"ताई," पोपट माझ्याकडे वळला, "मानूस गानी घ्यायला येतो. ह्ये सोताची सही शोधाया येत्यात. डागदरला दाखवलं का?"

"डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलेत," मी म्हटलं.

तेवढ्यात मामांचा हात थांबला. कॅसेटवर निळ्या शाईत त्यांचं अक्षर होतं, 'आबा. ओव्या.' नेहमीप्रमाणे त्यांनी ती टेपमध्ये घातली नाही. नुसते बघत राहिले.

"ही कुठून आली रे?"

"इनामगावच्या अंगाला एक वस्ती हाय. तिथल्या सूनबाईनं जुना टेप दिऊन मिक्सर नेला. कॅसेट टेपातच हुती."

गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "वाटेत इनामगाववरून जाऊ." आणि मग, मी न विचारता, सगळं सांगितलं.

तीस वर्षांपूर्वी एक धनगर आबा दुकानात आले होते. स्वतःच्या आवाजात ओव्या भरून हव्या होत्या. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली. एका मेंढक्याची कथा होती. कळप नदी उतरून आला, मेंढक्यानं मोजणी केली, तर एक कोकरू कमी. तो परत पाण्याकडे वळला आणि कॅसेटची दुसरी बाजूही संपली. खट्ट झालं. दुसरी कोरी कॅसेट दुकानात नव्हती.

"मग सांगायचं की त्यांना."

"कसं सांगू? डोळे मिटलेले, अंगावर काटा आलेला. खट्ट झालं तेव्हा मी मोठ्यानं खोकलो, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पुढे तासभर ते गात राहिले, मी समोर बसून राहिलो. ते गेल्यावर शटर ओढलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाठही केलं. पण द्यायला जायची लाज वाटली. पुढच्या वर्षी आबा वारल्याचं कळलं." मामा खिडकीबाहेर बघत होते. "ते कोकरू सापडलं की नाही, ते फक्त मला माहीत आहे. हे बरोबर नाही."

रीळ संपलं असं ते आबांच्या बाबतीत म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

वस्तीवर उसाच्या कडेला पत्र्याचं नवं घर होतं. आबांच्या पत्नी, म्हाताऱ्या आजी, दारात बाजेवर बसल्या होत्या. आम्ही कोण ते मी सांगितलं. मामांनी टेप लावला. आबांचा आवाज आला तशी आजींनी पदर डोक्यावर नीट केला. कळप नदी उतरला, मोजणी झाली, मेंढका मागे वळला, खट्ट.

मामा हात जोडून उभे राहिले. "आजी, पुढचं मी भरलं नाही. आबा गात होते आणि मशीन बंद होतं. मी त्यांना सांगितलं नाही. मला पाठ आहे, तुमची परवानगी असली तर म्हणतो."

"मला म्हनून दावता व्हय?" आजी म्हणाल्या. "चाळीस वरसं ऐकलंय त्ये मी. घरात, रानात, मेंढरामागं."

मामांचा चेहरा इतका पडला की मला आजींचा रागच आला.

"आन् मशीन बंद पडल्यालं त्यांस्नी ठावं हुतं," आजी पुढे म्हणाल्या.

"ठाऊक होतं?"

"खट्ट झाल्यालं ऐकलं की त्यांनी. घरी आल्याव हसत हुते. म्हनले, थांबनार हुतो, पर डोळं किलकिलं करून बघितलं तर त्यो दुकानवाला आ वासून ऐकत बसल्याला. म्हनलं, मशीनचं जाऊ द्या, ह्या बाबाला मदीच कसं सोडावं? तवा म्हनलं समदं. घसा बसला हुता चार दिस."

मामा टेपशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "म्हणजे... ते माझ्यासाठी..."

"मग काय भिताडासाठी?" आजी बाजेवर सरकून बसल्या, हनुवटीला हात लावला. "आता म्हना तुमी. निम्मं इसरले मी. सांगायला बी कोन ऱ्हायलं न्हाई."

मामांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज असा की दाराशी झोपलेलं कुत्रं उठून उसात गेलं. तिसऱ्या ओळीला आजींनी थांबवलं. "काळं न्हाई, पांडरं कोकरू." मामांनी ओळ पुन्हा घेतली, पांढरं म्हटलं आणि पुढे गेले. नदीचं पाणी चढत होतं, मेंढका गुडघाभर आत शिरला होता, आणि अजून बरंच राहिलं होतं.

मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि बाजेच्या टोकाला बसले.