खुर्चीला स्थगिती

मागेपुढे कलणारी ती खुर्ची न्हाव्याने उधारीवर घेतली होती. हप्ते थकले, तेव्हा फर्निचरवाल्याने ‘पैसे द्या, नाहीतर खुर्ची’ असा दावा ठोकला. निकाल उद्यावर आला आणि न्हाव्याने आज दिवाळखोरीचा अर्ज गुदरला.

“म्हणजे मी आता कफल्लक?”

“कफल्लक तू होतासच. आता कायदेशीर झालास,” वकील गंभीरपणे म्हणाला. “अर्ज पडला की दावा जागच्या जागी गोठतो. कोणत्याही धनकोला तुझ्याकडे पैसे मागता येत नाहीत.”

“मग तुमची फी?”

वकिलाच्या चेहऱ्यावर एक अख्खी संध्याकाळ उतरली.

दुसऱ्या दिवशी फर्निचरवाला दुकानात तरातरा आला. “माझी खुर्ची टाक!”

“मागू नका शेठ, कायद्याचा अवमान होईल. काळजीनं दाढी किती वाढलीय बघा. बसा.”

तो बसला. गालांवर फेस चढतो न चढतो, तोच दिवाळखोरांची मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी दारात उभा.

“खुर्ची कोणाची?”

“ते दाव्यात ठरायचंय,” न्हावी म्हणाला.

“दाव्याचं काय झालं?”

“तुमच्यामुळे थांबलाय.”

अधिकाऱ्याने समाधानाने पंचनामा लिहिला : सबब, सदर खुर्ची निर्णय होईपर्यंत आहे त्या स्थितीत राहील.

फर्निचरवाला उठू लागला.

“हां! बसा खाली,” अधिकारी म्हणाला. “पंचनाम्याच्या वेळी खुर्चीत आपण होता. उठलात, तर स्थिती बदलते.”

तेव्हापासून तो तिथेच आहे. न्हावी त्याची रोज दाढी करतो. दुसरे गिऱ्हाईक बसवायला जागाच नाही. तिकडे शेठविना दुकान बंद पडले, लाकूडवाल्याने त्याच्यावर दावा लावला, आणि त्यानेही खुर्चीतूनच दिवाळखोरीच्या अर्जावर सही केली. दोघांत आता फार गोडी आहे.

“अहो, घरी कधी येणार?” डबा घेऊन आलेली बायको विचारते.

“याची दिवाळखोरी मिटली की.”

“ती कधी मिटेल, भाऊजी?”

“मी कमावलं की, वहिनी.”

“मग कमवा ना!”

“यांना उठवा ना!”

तिघेही तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याकडे पाहतात. त्याला मात्र वेगळीच चिंता : या साऱ्या व्यवस्थेचा खर्च कोणाकडून वसूल करावा? न्हावी बुडाला, शेठ बुडाला. वकिलाचाही दिवाळखोरीचा अर्ज वाटेत आहे. ज्याने आयुष्यात एकही हप्ता चुकवला नाही, असा एखादा सज्जन सापडला, तर प्रश्नच मिटला.

हसताय? हसा. फक्त दाराची कडी वाजली, तर आपण घरात नाही असे सांगायला सांगून ठेवा.