कोळपे सरांचा उपाशी वाफा

कोळपे सर दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. वाईट नव्हे, मेथीचा. रोज सकाळी मूठभर भिजवलेली मेथी खाणाऱ्याच्या घामालाही मेथीचाच वास येतो, हे शास्त्र मला त्यांनीच सांगितलं. स्टाफरूमच्या दाराशी तो वास आला, की मी वर्तमानपत्रातून मान वर न काढताच म्हणायचो, "या सर."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या अलीकडे. मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. सर घराण्यातले पहिले बीएस्सी, आणि त्या पदवीचं सगळं सार त्यांनी एका वाक्यात आणून ठेवलं होतं: "मत सांगू नका, माप सांगा." चहा फार गरम आहे असं कुणी म्हटलं, तरी सर विचारायचे, "किती अंश?"

मेथीचं वेड त्यांना घरच्या मालनवहिनींच्या शुगरमुळे लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाता जाता सांगितलं, की जोडीला भिजवलेली मेथी खाल्लीत तर बरं. गोळ्या वहिनी निमूट घ्यायच्या. मेथी मात्र जिभेला लागली रे लागली, की थेट मोरीत. "भावजी, शुगरनं मरंन तवा मरंन," त्या मला म्हणायच्या, "ह्यांच्या मेथीनं आजच जातेय."

मग सर पुण्याला जाऊन ग्रंथालयात बसले आणि उजळल्या चेहऱ्यानं परत आले. दाणा भिजल्यावर जो बुळबुळीतपणा येतो, तो साखर रक्तात हळूहळू जाऊ देतो, तो हवा. कडूपणात मोठा वाटा सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा, तो नको. आणि सॅपोनिन ओळखायचं कसं? मेथीचं पाणी परीक्षानळीत घालून हलवायचं. साबणासारखा फेस येतो. जितका फेस कमी, तितकी मेथी कमी कडू. झालं! वहिनी खातील अशी मेथी शोधून काढायची, असं सरांनी ठरवलं.

तेव्हापासून सरांच्या खिशात बुचाची परीक्षानळी आणि सहा इंची पट्टी. बाजारात मेथी दिसली की मूठभर घ्यायची, भिजवायची, हलवायची, मोजायची. दौंडची झाली, यवतची झाली. शिक्रापूरच्या ढाब्यावर राजस्थानी ट्रकवाल्यांना गाठून सर गावाकडचं बियाणं मागायचे. "मास्टरजी, पूरा ट्रक खाली कर दूँ क्या?" एकानं विचारलं. पण पुढच्या खेपेला बिचाऱ्यानं आठवणीनं पुडी आणली.

परीक्षानळी हलवायचं काम आमचा रस्ता फुकटात करायचा. एसटीत सर ती नुसती हातात धरून बसत. पण मोजायला मात्र गाडी स्थिर हवी. "दोन मिनिटं थांबवा हो, फेस बघतो." कंडक्टर हात जोडायचा. "सर, मी घंटी मारू का तुमचा फेस मोजू?"

कुठलीच मेथी कमी फेसाची निघेना, तेव्हा खतानं कडूपणा उतरतो का हे बघायला सर स्वतःच्या रानात दरवर्षी आठ वाफे घालू लागले. आमच्याकडे मेथी महिन्याभरात उपटून, जुड्या बांधून बाजारात जाते. सरांची तीन-साडेतीन महिने उभीच, बी धरायला. बांधावरून जाणाऱ्या बायका हळहळायच्या, "सर, भाजी म्हातारी झाली की वो!" सात वाफ्यांना वेगवेगळी खतं. आठव्याला काहीच नाही. तुलनेसाठी एक वाफा उपाशी ठेवावाच लागतो, असं सर सांगायचे. त्याचं नावच पडलं उपाशी वाफा.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर, त्यांचा चुलतभाऊ बबनतात्या मेंढरं घेऊन मुक्कामाला आला. रिकाम्या रानात रात्रभर मेंढरं बसवली की लेंड्यांचं फुकट खत होतं, ही आमच्याकडची जुनी रीत. सकाळी सर शेतावर जाऊन बघतात, तर सगळा कळप उपाशी वाफ्यावर रवंथ करत बसलेला.

"तात्या, हे काय केलंस!"

"आरं, गेल्या साली त्येचंच पीक बारीक हुतं. साऱ्यास्नी खत आन् ह्यो एकटाच उपाशी? मला बघवंना."

सर बांधावरच बसले. दोन दिवस धड जेवले नाहीत. पेरणी मात्र आठही वाफ्यांत केली.

शिमग्याच्या सुमारास मेथी झोडपून झाली आणि सरांनी मला साक्षीदार म्हणून घरी बोलावलं. ओट्यावर आठ वाट्या. वहिनी एकेक दाणा चावत गेल्या. "कडू. कडू. ह्यो तर जहर." सर वहीत लिहीत होते आणि प्रत्येक कडूबरोबर त्यांचा हात थोडा आणखी सावकाश चालत होता. आठवी वाटी उपाशी वाफ्याची. वहिनींनी दाणा चावला, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये न्हाई कडू. ह्ये खाईन मी रोज."

सर लहान पोरासारखे हसले आणि पुन्हा मुक्कामाला आलेल्या तात्याला सांगायला तसेच अनवाणी बाहेर गेले. त्यांची पाठ वळताच वहिनी तांब्याभर पाणी घटाघट प्यायल्या.

"भावजी, समदी सारखीच हो. पण किती वर्सं उन्हात पाय भाजून घ्यायचे त्येंनी? सांगू नका हां."

मी कबूल केलं. बाहेर आलो, तर सर तात्याकडून परतले होते. मला वही दाखवायला त्यांनी पान उघडलं. आठही वाफ्यांच्या फेसाची उंची तिथं आधीच लिहिलेली होती. आठही आकडे सारखे.

"सर," मी चाचरत म्हणालो, "माप तर..."

"कालच मोजलं." त्यांनी वही मिटली. "फेस खोटं बोलत नाही. पण मालन खाते म्हणाली ना? मग तिचं मत हेच माप. तिला सांगू नका."

 मी तेही कबूल केलं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. शिरूरच्या स्टँडवर वर्तमानपत्र वाचत उभा होतो. ओळखीचा वास आला. मान वर न काढताच म्हणालो, "या सर."

"सर तिकडं कंडक्टरशी भांडत्यात," मागून वहिनी म्हणाल्या. "मीच हाय."