म्हशीच्या चिठ्ठीचा रीतसर मार्ग

एखादं काम थेट झालं, की ते कुणाच्या कृपेनं झालं हेच लोकांना कळत नाही, आणि अशानं सहकाराचं अतोनात नुकसान होतं. उचगावजवळच्या धारोष्ण दूध संस्थेनं ही गोष्ट २००५ सालीच ओळखली. (इतर संस्थांना अजून पत्ता नाही.)

संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा पडद्यावर चारच चित्रं होती. त्यातल्या म्हशीच्या चित्रावर क्लिक केलं, की जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी छापून बाहेर यायची. ही चिठ्ठी हातात पडल्याशिवाय डॉक्टरनं गाडीला किक मारायची नाही, असा ठरावच होता. चिठ्ठ्या काढायला नागसेन कांबळे हा ऑपरेटर. पेठ वडगावात सहा महिन्यांचा कोर्स केलेला, चार वर्षं हंगामी, आणि कायम व्हायची वाट बघून पार शिणलेला.

एकदा चेअरमन विजयसिंह पडद्यापुढं वाकले आणि म्हणाले, "आमी कुठं हाय रं ह्यात?" प्रश्न बिनतोड होता. नागसेननं म्हैस काढून तिथं चेअरमनसाहेबांचा फोटो बसवला. (फारसा फरक जाणवला नाही असं काही सभासद म्हणाले, पण ते विरोधी गटाचे होते.) लगेच व्हाइस चेअरमन गणपतराव रुसले. पंधरवड्यात तेराच्या तेरा संचालक पडद्यावर आले: फेटेवाले सात, गॉगलवाले चार, मोबाइल कानाला लावलेले दोन. कोण कुणाच्या वर, यावर तीन बैठका झाल्या. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्राशेजारी कुणी बसायचं यावर चौथी झाली, आणि तिथं तज्ज्ञ संचालकांना बसवलं. शेवटी असं ठरलं, की चिठ्ठी हवी असेल तर तेराही फोटोंवर मानानं क्लिक करायचं, प्रत्येकाचा सनईसकट स्वागत-संदेश पुरता ऐकायचा, आणि मगच छपाई. पूर्वी चाळीस सेकंद लागायचे, आता एकतीस मिनिटं. म्हणजे संस्थेचं कामकाज साडेसेहेचाळीस पटीनं वाढलं, आणि अहवालात तसं छापलंही.

नागसेनच्यानं हे बघवेना. त्यानं कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही या तीन बटणांना ती चिठ्ठी गुपचूप जोडून टाकली. तीन बोटं एकदम दाबली की चिठ्ठी हजर! कोर्समध्ये याला शॉर्टकट म्हणतात. पाच महिन्यांत छप्पन्न जनावरं वाचली, आणि एकाही संचालकाला त्याची तोशीस पडली नाही. पण बाळासो संचालकांच्या ध्यानात आलं, की आपली सनई तर वाजत नाही आणि गावातल्या म्हशी मात्र सुखरूप मोकळ्या होतायत.

"म्हंजे आमच्या परस्पर म्हशी व्यायला लागल्या की!" सभेत बाळासो कडाडले. आरोप गंभीर होता. नागसेनला ताकीद मिळाली, आणि कीबोर्डची दोन्ही कंट्रोल बटणं उपटून, पंचनामा करून, चेअरमनच्या कपाटात बंद झाली.

त्यानंतरच्याच मंगळवारी भर दुपारी धोंडुबाई धापा टाकत आली. "नागसेना, चंद्री अडलीया रं! रेडकू आडवं आलंया. चिठ्ठी काढ लवकर, लेकरा!"

तिचं घर त्या एका म्हशीवर चालतं हे नागसेनला ठाऊक होतं. डॉक्टर दारातच गाडीवर बसला होता, पाय किकवर. आणि बुधवारच्या सभेत नागसेनला कायम करायचा विषय होता, अन् विषय मांडणारे बाळासो त्याच्या मागंच खुर्ची टाकून बसले होते. बटण गेलं तरी खालचं रबर शाबूत होतं. पेनाचं टोक टेकवलं असतं तरी भागलं असतं, आणि पेन त्याच्या हातात होतं. ही म्हैस उद्या अडली असती तर काय बिघडलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं पेन खिशाला लावलं आणि माऊस धरला.

पहिली सनई सुरू झाली. धोंडुबाई ओरडली, "अरं, ह्यास्नी काय बघत बसलाईस? म्हस मरंल की तिकडं!"

"रीतसर हुंद्या, मावशी," बाळासो म्हणाले. "आपलीच संस्था हाय."

अकराव्या सनईला लाइट गेली. पाऊण तासानं आली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरनं कमालीच्या तत्परतेनं पहिल्याच किकला गाडी चालू केली. तो गोठ्यात पोचला तेव्हा चंद्री गेली होती. रेडकूही गेलं होतं.

बुधवारी नागसेन एकमतानं कायम झाला. वाट्याला आलेला पेढा त्यानं टेबलावरच ठेवला. धोंडुबाईच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी तो आता ओढ्याकडनं लांबून येतो.

संस्थेनंही दुःख मनावर घेतलं. चौकात वीस फुटी डिजिटल फलक लागला, "भावपूर्ण श्रद्धांजली". वर तेरा संचालक आणि खाली शोकाकुल ग्रामस्थ. फोटो द्यायला अशी झुंबड उडाली, की म्हशीला जागाच उरली नाही. धोंडुबाई फलकापुढं येऊन बराच वेळ चंद्रीला शोधत राहिली, मग पदर तोंडाला लावून निघून गेली.

एवढं वाचून कुणाला हसू आलं असेल, तर त्यानं त्या फलकाच्या शेवटच्या ओळीत डावीकडून तिसरा फोटो बघावा. तुम्हीच स्वतः नेऊन दिला होता, पावणं. चांगला आलाय.