गर्जे सरांचे पाहुणे

आमच्या प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी आलं की गर्जे सर आधी त्याची विचारपूस करतात. टेम्पोतून थर्माकोलची पेटी उतरते, सर झाकण काढतात, बर्फात मानेपर्यंत रुतलेल्या बाटल्यांवरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "या पाव्हनं. घाटात लई हेलकावं बसलं का?"

बाटल्या काही बोलत नाहीत. सर मात्र क्षणभर थांबतात. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा, एवढी रीत त्यांच्याकडे आहे.

श्रीगोंद्याच्या बाजूला, चहूकडे ऊस, आणि मधे समुद्राच्या पाण्याची प्रयोगशाळा! ऐकणारा आधी हसतोच. मीही हसले असते, पण मला नोकरी हवी होती. झालंय असं, की पाणी तपासायचं महागडं मशीन या कॉलेजला मिळालं. मशीन काही किनाऱ्यावर जाणार नाही, म्हणून किनारा इथं येतो. पुण्याच्या मोठ्या मॅडम प्रकल्प चालवतात, गर्जे सर त्यांचे संशोधन सहायक, आणि मी बाटल्या धुणारी. मी हर्णैकडची, कोळ्याची मुलगी. सातवीत शाळा सुटली, मिस्टर साखर कारखान्यात फिटर लागले, आणि समुद्र मागे टाकून मी इथं आले. सर तिसगावचे. उभ्या जन्मात त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मी ज्यात पोहत वाढले त्यात काय काय असतं, ते मला हा माणूस शिकवतो.

पहिल्या दिवशी मी घाबरत सांगून टाकलं होतं, "सर, मी सातवीच आहे हो."

"शाळा सुटली, हात तर सुटलं न्हाईत ना? दाखवा."

ज्योतिषासारखे त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. "उद्या नखं कापून या," म्हणाले. झाली मुलाखत. त्या संध्याकाळी नखं कापता कापता मी रडले. कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं.

सरांचा एकच शत्रू, भेसळ. पाण्यात बाहेरचं कणभर काही पडलं की तपासणी वाया. म्हणून आत शेंगदाणा नको, तेल नको, घाम नको. "मानूस म्हंजे चालतीबोलती भेसळ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा खुद्द प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले. मानेला पावडर फासलेली. सरांनी दारातच हात आडवा धरला. "सर, मान धुऊन या." प्राचार्य पाहुण्यांसकट नळावर गेले.

गाळप सुरू झालं की कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडते. मग सर खिडक्यांना ओल्या चादरी बांधतात आणि डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घालतात. आमचे शिपाई म्हस्के मामा तंबाखू मळत बाहेरून चिडवतात, "सर, बाळंतीन कुटं झोपवलीया?"

"मामा, तोंड तिकडं करून हसा. वारं आत येतंय."

असं सगळं छान चाललेलं असताना मोठ्या मॅडमचा फोन आला. सर फोन नेहमी स्पीकरवरच घेतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं. आमच्याकडच्या आकड्यांत अमोनिया जास्त निघत होता. सांडपाणी समुद्रात कुठं शिरतं ते अमोनियावरून ओळखतात. पण भर समुद्रातल्या पाण्यातही तो सापडायला लागला, म्हणजे दोष समुद्राचा नव्हे, आमचा. मॅडम म्हणाल्या, "गर्जे, पुढच्या खेपेला हेच झालं तर नमुने दुसरीकडे पाठवावे लागतील. माझा नाइलाज आहे."

नमुने गेले म्हणजे प्रकल्प गेला, म्हणजे सर गेले आणि मी गेले. मी धुतलेलीच बाटली पुन्हा धुवायला घेतली. सरांनी मात्र शर्टाच्या बाह्या वर केल्या. "चोर घरातलाच हाय. धरल्याबिगर सोडत न्हाई."

तपास सुरू झाला. फरशीचं फिनेल बंद झालं. युरिया कोण टाकतंय ते बघायला सर बांधाबांधानं हिंडून आले. लघवीतूनही अमोनिया उडतो म्हणून संडासाचं दार खिळे मारून बंद केलं, त्यावरून कॉलेजात भांडण झालं. काही केल्या चोर सापडेना. शेवटी सर म्हणाले, "आता मानसं तपासू."

तपासणी सोपी होती. ज्यात काहीच नाही असं कोरं पाणी प्रत्येकानं आपापल्या हातानं एका बाटलीत ओतायचं. त्यात औषधं घालून बाटली कपाटाच्या अंधारात ठेवायची. अमोनिया असेल तर पाणी निळं होतं.

मामांनी ओतलं. "माझंच निळं हुनार. तंबाखूनं आयुष्य काळं केलंय, निळं तर निळं." मी ओतलं. शेवटी सरांनी ओतलं, नियम म्हणून.

कपाट उघडलं तेव्हा मामांची बाटली कोरी. माझी कोरी. सरांची निळी. आमच्या किनाऱ्यावर दुपारी दिसतो तसला निळा.

मामा हसायच्या बेतात होते. सरांचा चेहरा बघून थांबले.

सरांनी बाटली खिडकीशी धरली. मग स्वतःची बाही नाकाला लावली, पुन्हा लावली. "ताई, वास येतोय का वो?"

येत होता. मी तो पहिल्या दिवसापासून औषधांचा समजत आले होते. मी मान हलवली.

"खोलीवर आन्ना असत्यात," सर म्हणाले. "वडील. हातरुनाला खिळल्यात. सकाळी त्यांचं सगळं उरकून, ओल्या केलेल्या चादरी धुऊनच निघतो. मलाच वास येईना झालाय." बाटलीकडे बघत ते पुढं म्हणाले, "कधीपासनं, कुनास ठाऊक."

"एखादा मानूस ठिवा की सर," मामा हळू बोलले.

"ठिवला हुता. आन्ना दुसऱ्याच्या हाताला लाजत्यात. अंग चोरून घेत्यात. भाकर सोडली हुती त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजच्या नळावर आंघोळ केली, कोरा शर्ट घातला आणि पुन्हा ओतलं. बाटली या वेळी फिकी होती, पण निळीच. तेव्हा त्यांनी हातमोज्यांची नवी जोडी माझ्यापुढं ठेवली. "अमोनियाचं आता तुमी करायचं."

"मी? सर, माझ्याकडून सांडलं तर? चुकलं तर?"

"चुकलं तर परत. मी हाय ना."

पुढची पेटी आली तेव्हा मी आत आणि सर बाहेर, व्हरांड्यात, स्टुलावर, खिडकीच्या काचेला लागून. आधी मी कोरं पाणी ओतलं, औषधं घातली, कपाटात ठेवलं. काढलं तेव्हा ते कोरंच होतं. मी बाटली काचेशी नेऊन दाखवली. सरांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, चोर घावला."

"कुठे होता?"

"आतच हुता. आता व्हरांड्यात बसवलाय."

मॅडम हसल्या. "मांजर वगैरे शिरलं होतं की काय?"

सरांनी स्टूल काचेपासून जरा मागं सरकवलं. "तसंच म्हना. मानसाळलेलं हाय."

"मग राहू दे तिकडेच. आत येऊ देऊ नका म्हणजे झालं. नमुने आता तुमच्याकडेच येतील."

"न्हाई येनार ते आत," सर म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात घातला.

मी समुद्राच्या पाण्याची पहिली बाटली उचलली. इतकी वर्षं हे ओतण्याचं काम त्यांचं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात बघताना त्यांचा स्वतःचा हात मांडीवर तसाच वाकडा होत होता.

"हात कापतोय तुमचा," काचेपलीकडून आवाज आला.

"हो सर."

"कापू द्या. धार मोडू नका."